मोगऱ्यास ऋतुमानानुसार पाणी

मोगरा सदाहरित असला, तरी त्यास वर्षातून एकदा विश्रांती हवी. हिवाळाभर पाणी दिल्यास पाला माजतो व उन्हाळ्यातील बहर घटतो.

पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात. नोव्हेंबरात पाणी क्रमाक्रमाने कमी करून डिसेंबरात तोडावे. हलक्या जमिनीस ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीस अधिक दिवस द्यावा. पाने पिवळी पडून गळू लागली, म्हणजे ताण बसला असे समजावे; फांद्या मात्र सुकू देऊ नयेत. नंतर छाटणी करून आळ्यात कुजलेले शेणखत मिसळावे. पहिले पाणी बेताचे द्यावे व नवी फूट दिसू लागताच वाढवावे. कळ्या धरल्यावर पाण्यात खंड पडू देऊ नये. अन्यथा कळ्या गळून हिवाळ्यातील सारे श्रम वाया जातात.