पाणी तोडू नका

प्रश्न : गणपतीला लालबागहून एसटीने सावंतवाडीला जाते. पोट बिघडेल या धास्तीने आदल्या रात्रीपासून पाणी घेत नाही, जुलाब थांबवायची गोळीही आधीच घेते. चालेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही, ताई. पाणी तोडून जुलाब टळत नाहीत. झालेच तर अशक्तपणा लवकर येतो. निघताना मऊ भात खा, वाटेतली ओली चटणी टाळा. पर्समध्ये ओआरएस हवंच. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या बाटलीत ओतणारेच फार! शिवाय साबण, जादा कपडे. जमल्यास दादरहून तुतारी एक्सप्रेस धरा, गाडीतच शौचालय असतं. लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवायची गोळी धास्तीपोटी नको. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर मुळीच नको, तडक डॉक्टर गाठा. दर प्रवासात असंच होत असेल, तर परतल्यावर केईएमच्या ओपीडीत दाखवा.