डीव्हीडीचा ५.१ ध्वनी दोन स्पीकरांवर का अडकतो?

प्रश्न : चित्रपटांच्या डीव्हीडींच्या फाइली केल्यावर होम थिएटरचे मागचे स्पीकर मुके का होतात? (एक वाचक, एरंडोल)

उत्तर : डीव्हीडीवरील ध्वनी बहुधा डॉल्बी डिजिटल, म्हणजेच एसी-३, या संकुचित स्वरूपात असतो आणि त्याच्या ५.१ प्रकारात पाच मुख्य वाहिन्यांखेरीज खर्जाच्या आवाजासाठी एक स्वतंत्र वाहिनी असते. हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एएसी स्टिरिओ’ हा पर्याय तसाच राहिला, तर या सहा वाहिन्या दोनांत मिसळतात आणि पुढे त्या मूळ रूपात वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून तेथे ‘एसी-३ पासथ्रू’ निवडावे, ज्यामुळे मूळ ध्वनी जसाच्या तसा फाइलीत उतरतो. जेलीफिनसारख्या घरगुती सर्व्हरवरून फाइल लावताना टीव्हीची एचडीएमआय एआरसी जोडणी वापरावी आणि ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘बिटस्ट्रीम’ ठेवावे, कारण साध्या एआरसीवरून पीसीएमच्या दोनच वाहिन्या जातात. जुने चित्रपट मात्र मुळात एकवाहिनी ध्वनीचे आणि लग्नाच्या डीव्हीडी बहुधा दोन वाहिन्यांच्या असल्याने, तेथे पासथ्रू करूनही मागच्या स्पीकरांना वाटा मिळत नाही.