फिकी रेघ आणि ड्रायव्हरची इज्जत

ड्रायव्हरची तपासणी व्हायलाच हवी. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटली, २५ जण जळाले. चालकाच्या रक्तात मर्यादेपेक्षा जास्त दारू होती, असं न्यायवैद्यक अहवालात आल्याच्या बातम्या पुढे छापून आल्या. बुलडाणा जिल्ह्यातला कुठलाही ड्रायव्हर ती रात्र विसरलेला नाही. पण तपासणी करणाऱ्याला निकाल वाचता येतो का, हे कोण विचारणार? मी ते भोगलं आहे.

ट्रक घेऊन एका कंपनीत केमिकलचे ड्रम भरायला गेलो होतो. गेटवर लघवीचा नमुना मागितला, मी दिला. पट्टीवर मॉर्फिनच्या खान्यात रेघ उमटली, पण फिकी. सिक्युरिटी सुपरवायझरने ती उजेडात धरली आणि रांगेतल्या सगळ्या गाड्यांसमोर ओरडला, ‘अफू खाऊन आलास का रे?’ खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी पुढे केली, तर ती त्याने हातातही घेतली नाही. क्लीनर पोरगा बघत होता. मला गेटबाहेर काढलं आणि वर शेठला फोन केला, ‘तुमचा ड्रायव्हर नशेडी आहे.’ एवढी वर्षं ज्याचा माल सुखरूप पोचवला, त्या शेठनेही मला काही विचारलं नाही. खेप गेली, भत्ता कापला आणि खामगावच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत बोभाटा झाला.

खरं काय ते मलकापूरला एका लॅबमध्ये कळलं. तिथल्या माणसाने तसलीच पट्टी टेबलावर ठेवून दाखवली. गरोदरपणाच्या तपासणीत रेघ म्हणजे ‘आहे’. नशेच्या पट्टीत उलटं. त्या खान्यात रेघ आली म्हणजे नमुना साफ, रेघ आलीच नाही तर संशय. आणि फिकी रेघही रेघच धरायची, असं त्या किटच्या कागदावरच छापलेलं असतं. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. म्हणजे मी पास होतो! ज्याने मला नशेडी ठरवलं त्याने तो कागद कधी उघडलाच नव्हता. हे सांगायला त्याला फोन केला, तर ‘झालं ते झालं’ एवढंच उत्तर मिळालं.

म्हणून ड्रायव्हर भावांनो, पट्टी तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा. एक्स्पायरीची तारीख बघा, किटवर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचायला सांगा आणि तेव्हाच पट्टीचा फोटो काढा. उशिरा वाचलेल्या पट्टीवर भरवसा नसतो. रेघ खरोखर आली नाही, तरी घाबरून कसल्याही कबुलीवर सही करू नका. कोडीन असलेल्या खोकल्याच्या सिरपचं शरीरात मॉर्फिन होतं. सावजी रश्शातली खसखसही अफूच्याच बोंडातली, तिच्यानेही पट्टी बिघडू शकते. त्यामुळे औषधाची चिठ्ठी आणि बिल गाडीच्या कागदांसोबत ठेवा. तोच नमुना तुमच्यासमोर सीलबंद करून लॅबच्या पक्क्या (जीसी-एमएस) तपासणीला पाठवा, असा आग्रह धरा. पट्टी फक्त संशय दाखवते, पुरावा लॅब देते.

बाकी झोप पुरी घ्या, ढाब्यावर कुणी दिलेली गोळी खाऊ नका, दारू पिऊन स्टेअरिंगला हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

वैमानिकांसाठी विमान वाहतूक नियामक डीजीसीएचे नशेच्या चाचणीचे नियम २०२२ पासून लागू आहेत. त्यांत पहिली चाचणी संशयास्पद आली की कामावरून बाजूला करतात, पण ठपका ठेवण्याआधी लॅबची पक्की तपासणी करावी लागते. आकाशातल्या चालकाला हा हक्क आहे, मग रस्त्यावरच्या चालकाला का नाही? खामगाव, मलकापूर, चिखलीच्या ट्रान्सपोर्ट संघटनांना माझी विनंती आहे. कंपन्यांशी भाड्याचा करार करताना ही एक अट लिहून घ्या: लॅबचा अहवाल येईपर्यंत कुठल्याही ड्रायव्हरचं नाव खराब करायचं नाही आणि त्याचा भत्ता कापायचा नाही.