सातबारा काकांचा, बोजा कोणाचा?

प्रश्न : आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, मी राहतो डोंबिवलीला. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर थोरल्या काकांचं नाव लागलं. वडील आणि दोन आत्या हयात आहेत, आजी नाही. काका म्हणतात, 'तीस वर्षं मी राबतोय, जमीन माझी.' त्यांनी तिच्यावर पतसंस्थेचं कर्ज काढलं, तेही थकलंय. महाड शहरात आजोबांची एक मोकळी जागाही आहे. आमचा हक्क गेला का? कर्ज आम्ही फेडायचं का? आणि जमीन विकली तर कर किती? – एक वाचक

उत्तर : तुमचे प्रश्न तीन असले, तरी आधी एकच गोष्ट ठरवायला हवी : वडिलांचा हिस्सा किती? हक्क, कर्ज आणि कर, तिन्ही त्या हिश्शाच्या मागोमाग येतात.

हक्क : सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातली नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी धरतात, पण नोंदीने मालकी जन्माला येत नाही. काकांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं लिहिलंय का ते आधी पाहा. कोकणात थोरल्याचं नाव लावायची ही जुनी रीत. तसं असेल तर काका कुटुंबाच्या वतीने तिथे आहेत. तसं नसेल, तर तहसील कार्यालयातून त्या वेळच्या फेरफाराची नक्कल काढा. नाव कशाच्या आधारे लागलं, ते तिथे कळेल.

आता तीस वर्षं राबल्याचं. एका सहहिस्सेदाराचा ताबा कायदा सगळ्यांच्या वतीने धरतो. काकांनी तुमचा हक्क उघडपणे नाकारला आणि त्यानंतर बारा वर्षं लोटली, असं त्यांनाच सिद्ध करावं लागेल. नुसत्या वहिवाटीवर हक्क सांगणाऱ्यांचा सर्वांत गाजलेला दावा महाडचाच. चवदार तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असं म्हणत डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा झाला. महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये तो फेटाळला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. तळं नगरपालिकेचं ठरलं, रूढी सिद्ध झाली नाही. ती लढाई माणुसकीच्या हक्काची होती, तुमची घरातली आहे. पण जो वहिवाट सांगतो त्यानेच पुरावा द्यायचा, हे दोन्हीकडे सारखंच. मात्र काकांनी तुमचा हक्क लेखी नाकारला असेल, तर दिवस घालवू नका.

आत्यांना विसरू नका. मृत्युपत्र नसेल आणि आधी रीतसर वाटप झालं नसेल, तर सर्वसाधारणपणे चार भावंडांचे चार सारखे हिस्से होतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासूनचा असतो आणि कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आत्यांना हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. 'आम्हाला काही नको' हे तोंडी बोलणं पुढच्या पिढीत टिकत नाही.

कर्ज : काका स्वतःचा अविभक्त हिस्साच तारण देऊ शकतात. बोजा सबंध गटावर दिसत असला, तरी एवढ्याने तुमचा हिस्सा त्यांच्या कर्जात जात नाही. दोन अपवाद मात्र तपासा. कर्ज कुटुंबाच्या गरजेसाठी कर्ता म्हणून काढलं असेल, तर एकत्र मालमत्ता अडकू शकते. आणि वडिलांची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून असेल, तर पतसंस्था संपूर्ण रक्कम त्यांच्याकडेही मागू शकते. जामीनदाराकडे शेवटी यायचं, असा नियम नाही. म्हणून कर्जमागणी अर्ज, जामीनपत्र आणि तारणाचे कागद यांच्या नकला मागा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघून जप्तीची नोटीस आली, तर वसुली अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्या. काकांच्या मागे त्यांच्या मुलांची जबाबदारीही वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला देऊन बोजा उतरवून घ्या, तो आपोआप उतरत नाही.

कर : वारसा मिळाला म्हणून प्राप्तिकर लागत नाही आणि इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. इथे मोजायचं ते अंतर महाड नगरपरिषदेच्या हद्दीपासून : हवाई अंतराने दोन किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन ग्रामीण. पोलादपूर नगरपंचायतीची लोकसंख्या दहा हजारांच्या आत असल्याने तिच्यामुळे जमीन शहरी ठरत नाही. मात्र घेणारा शेतकरी नसेल तर परवानगीचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

महाडमधल्या जागेवर कर लागेल, पण ज्याने त्याने आपापल्या हिश्शापुरता. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन नफ्याला १२.५ टक्के दर आहे. त्याआधी घेतलेल्या जागेसाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करून पाहण्याची मुभा निवासी व्यक्तीला आहे. दोन्हींत कमी पडेल तो भरा. खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला घ्या.

आता क्रम : आधी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसनोंदीचा अर्ज. मग सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप, तुकडेबंदीच्या मर्यादेत. हक्कावरच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. गणपतीला सगळे हिस्सेदार गावी येतातच. आरती झाल्यावर हा विषय काढा, आणि विसर्जनाआधी दुय्यम निबंधकाकडची वेळ ठरवून टाका.