साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. वयाची साठ वर्षे पूर्ण झाली की बुद्धी नाहीशी होते, असा तिचा अर्थ. ही म्हण हसत हसत वापरली जाते. परंतु ती ज्याला उद्देशून म्हटली जाते, त्याच्या मनाचा विचार क्वचितच होतो.

केवळ वयावरून माणसाची पात्रता ठरवणे म्हणजे वयोभेद होय. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये या प्रवृत्तीला प्रथम नाव दिले.

वयोभेद नेहमी कठोर शब्दांतूनच प्रकट होतो असे नाही. बँकेत आजोबा प्रश्न विचारतात आणि कर्मचारी उत्तर देतो ते सोबतच्या नातवाला. आजींचा गुडघा दुखू लागला की ‘आता वय झाले’ असे म्हणून तपासणी टाळली जाते. राहते घर विकायचे ठरते आणि ते त्यांना सर्वांत शेवटी कळते. ‘तुम्ही कशाला त्रास घेता?’ या वाक्यात माया असते. पण त्याच वाक्याने निर्णयाचा अधिकारही काढून घेतला जातो.

असे अनुभव वारंवार आले की वृद्ध व्यक्ती स्वतःही तेच खरे मानू लागते. ती बोलणे कमी करते, दुखणे अंगावर काढते. बेका लेव्ही व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, स्वतःच्या वार्धक्याकडे सकारात्मक दृष्टीने पाहणाऱ्या व्यक्ती इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्याहून अधिक वयाच्या सुमारे १० कोटी ३८ लाख व्यक्ती होत्या. २००७ च्या कायद्यानुसार, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. कायदा अन्न आणि निवारा मिळवून देऊ शकतो. मत विचारण्याची सवय मात्र घरातच लागावी लागते.

उतारवयात एखादे नाव आठवायला वेळ लागतो, हे खरे. परंतु शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली जाण बहुधा टिकून राहते. म्हणून उत्तरासाठी क्षणभर थांबावे. प्रश्न विचारणेच सोडून देऊ नये.

पाठगत प्रश्न
१. ‘तुम्ही कशाला त्रास घेता?’ या वाक्याचे दोन अर्थ स्पष्ट करा.
२. तुमच्या घरातील अलीकडच्या एखाद्या निर्णयात ज्येष्ठांचे मत विचारले गेले का? पाच ओळी लिहा.