हजेरीपटावरची मागे राहिलेली नावे : एलिझाबेथ फॅरेल यांच्या कार्याचा अभ्यास

शाळेच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या असतात, आणि त्या असाव्यातच. परंतु प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर काही नावे अशीही असतात, जी कोणत्याच यादीत येत नाहीत. एकाच इयत्तेत पुन्हा पुन्हा बसलेली, अक्षरे डोळ्यांसमोर असूनही वाचता न येणारी, ऐकू कमी येत असल्यामुळे ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसलेली आणि एके दिवशी कोणाच्याही लक्षात न येता शाळा सोडून गेलेली ही मुले असतात. अशा मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या एका शिक्षिकेचा परिचय या लेखात करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचे नाव एलिझाबेथ फॅरेल. त्यांचे कार्यक्षेत्र अमेरिकेतील न्यूयॉर्क शहर. एका वर्गाच्या शिक्षिका, संपूर्ण शहरातील विशेष वर्गांच्या निरीक्षक, शिक्षकांच्या शिक्षिका आणि अखेर एका राष्ट्रव्यापी संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा असा त्यांचा प्रवास झाला. मुलाला कोणत्या गटात बसवायचे हे ठरविणे आणि मुलाला शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या कार्याचे सार आहे. ते आजही शिळे झालेले नाही.

घडण

फॅरेलबाईंचा जन्म १८७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे झाला. शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण त्यांनी त्याच राज्यातील ऑस्वेगो येथील अध्यापक विद्यालयात घेतले आणि १८९५ मध्ये ते पूर्ण केले. हे विद्यालय वस्तुपाठाच्या पद्धतीसाठी अमेरिकेत प्रसिद्ध होते. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांच्या विचारांवर ही पद्धत आधारलेली होती. मुलाने वस्तू आधी पाहावी, हाताळावी, तिच्याविषयी बोलावे आणि मग शब्द व संख्या यांकडे वळावे, असा तिचा क्रम होता.

पुढे त्यांनी खेड्यातील एकशिक्षकी शाळेत अध्यापन केले. अशा शाळेत लहानमोठी सर्व मुले एकाच खोलीत बसतात. प्रत्येकाची गती निराळी असते, आणि शिक्षकाला ती मान्य करूनच शिकवावे लागते. मोठ्या शहरातील इयत्तांच्या चौकटीत हेच सत्य विसरले जात होते. फॅरेलबाई न्यूयॉर्क शहरात आल्या त्या हा अनुभव गाठीशी घेऊन.

हेन्री स्ट्रीटवरील वर्ग

१८९८ मध्ये लगतची शहरे व वस्त्या एकत्र होऊन बृहन् न्यूयॉर्क आकारास आले. शहराच्या लोअर ईस्ट साइड या भागात पूर्व युरोपातून आलेले ज्यू, इटलीतून आलेले मजूर आणि इतर स्थलांतरित दाटीवाटीने राहत होते. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यामुळे त्यांची मुले शाळेत येऊ लागली. परंतु अनेकांना इंग्रजी समजत नव्हते, काही मुले आजारी व कुपोषित होती, काहींना खरोखरीच बौद्धिक अडचण होती, तर काही दिवसभर रस्त्यावर भटकत होती. इयत्तांमध्ये विभागलेल्या शाळेपाशी या सर्वांसाठी एकच उत्तर होते : नापास. शहराचे शिक्षण अधीक्षक विल्यम मॅक्सवेल यांनी १९०४ मध्ये आपल्या अहवालात नमूद केले, की प्राथमिक शाळांतील ३९ टक्के मुले त्यांच्या इयत्तेच्या मानाने अधिक वयाची आहेत. दहा मुलांमागे चार मुले मागे राहत असतील, तर दोष केवळ मुलांचा कसा म्हणावा?

याच भागात, हेन्री स्ट्रीटवरील सार्वजनिक शाळा क्रमांक १ मध्ये, फॅरेलबाईंनी १८९९ च्या सुमारास एक वेगळा वर्ग सुरू केला. त्यात ८ ते १६ वर्षे वयाचे १९ मुलगे होते. इतर वर्गशिक्षकांनी ‘हा आमच्याकडे नको’ म्हणून बाजूला काढलेली ही मुले होती. कोणी वयाने मोठा, कोणी खोडकर, कोणी मंद म्हणून हिणवलेला. हा वर्ग कोणत्याही एका इयत्तेचा नव्हता, म्हणून त्यास इयत्ताविरहित वर्ग असे नाव मिळाले.

येथे फॅरेलबाईंनी पाठ्यपुस्तकापासून आरंभ केला नाही. पत्र्याचे डबे, चित्रांची कोडी, रंग आणि कुंचले, लाकूड व सुतारकामाची हत्यारे हे त्यांचे पहिले शैक्षणिक साहित्य होते. लाकडाची वस्तू बनवताना मोजमाप करावेच लागते, आणि मोजता मोजता गणित येते. केलेल्या कामाविषयी सांगावेसे वाटते, आणि सांगता सांगता भाषा येते. शाळेवर राग धरून पळणाऱ्या मुलाला शाळेत यावेसे वाटणे, हाच त्यांच्या अभ्यासक्रमाचा पहिला पाठ होता.

या कामी त्यांना एका परिचारिकेची मोलाची साथ लाभली. लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये त्या वस्तीत सेवाकार्याला प्रारंभ केला होता, आणि त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही संस्था उभी राहिली. वॉल्ड यांनी वर्गासाठी साहित्य मिळवून दिले आणि शिक्षण मंडळापुढे या प्रयोगाची बाजू मांडली. फॅरेलबाई पुढे त्याच संस्थेत वास्तव्यास राहिल्या. मुलाचे घर, त्याचे आरोग्य आणि त्याचे शिक्षण ही तीन खाती नसून एकच प्रश्न आहे, ही जाणीव त्यांना त्या वस्तीने दिली.

एका वर्गाची व्यवस्था झाली

चांगला शिक्षक आपल्या वर्गापुरता प्रकाश देतो, पण तो निवृत्त झाला की वर्ग पुन्हा अंधारतो. फॅरेलबाईंचे नेतृत्व येथेच वेगळे ठरते. आपला वर्ग चांगला चालला एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने त्यांना इयत्ताविरहित वर्गांच्या निरीक्षकपदी नेमले. पुढील काही वर्षांत अशा वर्गांची संख्या शंभराच्या पुढे गेली.

निरीक्षक म्हणून त्यांनी काही गोष्टींचा आग्रह धरला. केवळ शिक्षकाच्या तक्रारीवरून कोणत्याही मुलाला विशेष वर्गात पाठवू नये, आधी त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, घरची परिस्थिती समजून घ्यावी. ज्याला ‘मठ्ठ’ म्हटले, त्याला कदाचित फळा दिसत नसेल. हे वर्ग सर्वसाधारण शाळेच्याच इमारतीत असावेत, मुलांना शहराबाहेरच्या आश्रयगृहात धाडू नये. ज्या मुलाची प्रगती होईल, त्याला नेहमीच्या वर्गात परतण्याची वाट खुली असावी. आणि या वर्गांवर नेमले जाणारे शिक्षक खास प्रशिक्षित असावेत. जो शिक्षक इतरत्र नकोसा झाला, त्याला येथे पाठविण्याची प्रथा त्यांना मान्य नव्हती.

संख्येचा वाद

फॅरेलबाईंच्या कार्याची खरी कसोटी १९११ ते १९१३ या काळात लागली. न्यूयॉर्कच्या शाळांची एक मोठी चौकशी त्या वेळी झाली, आणि विशेष वर्गांची पाहणी मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांच्याकडे सोपविण्यात आली. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये तयार केलेली बुद्धिचाचणी अमेरिकेत आणली ती याच गॉडर्ड यांनी. बिने यांचा हेतू, कोणत्या मुलांना अधिक मदत लागेल हे ओळखण्याचा होता. गॉडर्ड यांनी मात्र बुद्धी ही आनुवंशिक व न बदलणारी गोष्ट मानली. मोजक्या मुलांच्या चाचण्यांवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की शहराच्या शाळांतील सुमारे २ टक्के मुले, म्हणजे जवळपास १५,००० मुले, बुद्धीने सदोष आहेत.

फॅरेलबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निष्कर्षाला जाहीर हरकत घेतली. एवढ्याशा आधारावर हजारो मुलांचे भवितव्य ठरवता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. चाचणीला त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या विभागात वैद्य आणि मानसशास्त्रज्ञही काम करीत होते. चाचणीने मुलासाठी दार उघडावे, बंद करू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्या काळाची हवा लक्षात घेतली, की या आग्रहाचे मोल कळते. ‘सदोष’ ठरलेल्या माणसांना समाजापासून दूर ठेवावे, त्यांना संतती होऊ देऊ नये, असे उघडपणे सांगणारी चळवळ अमेरिकेत तेव्हा जोरात होती. १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींवर सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरविला. मुलाच्या कपाळावर बसलेला एक शब्द त्याचे अवघे आयुष्य कोठे नेऊ शकतो, याचे याहून विदारक उदाहरण नाही.

संघटनेची स्थापना

फॅरेलबाई आपल्या विषयाचे नियतकालिक चालवीत आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिक्षकांना शिकवीत. १० ऑगस्ट १९२२ रोजी तेथे १२ जणांनी एकत्र येऊन विशेष मुलांच्या शिक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. फॅरेलबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

परिषदेने तीन उद्दिष्टे समोर ठेवली. मुलाची ओळख व वर्गवारी यांपेक्षा त्याच्या शिक्षणावर भर द्यावा, हे पहिले. विशेष शिक्षकांसाठी व्यावसायिक दर्जा निश्चित करावा, हे दुसरे. या मुलांच्या प्रश्नाविषयी आस्था असणाऱ्या सर्वांना एकत्र आणावे, हे तिसरे. पहिले उद्दिष्ट वाचताना गॉडर्ड यांच्याशी झालेला वाद आठवल्याशिवाय राहत नाही.

१९३२ मध्ये फॅरेलबाईंचे निधन झाले. परिषद मात्र वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या, पेनसिल्व्हेनियातील पालक १९७१ मध्ये न्यायालयात गेले, आणि या सर्वांच्या रेट्यातून १९७५ मध्ये अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा संमत झाला. त्या वेळी तेथील संसदेनेच नोंदविले होते, की दहा लाखांहून अधिक अपंग मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र शैक्षणिक आराखडा असावा आणि शक्य तितके इतर मुलांसोबत शिक्षण द्यावे, ही त्या कायद्याची दोन महत्त्वाची सूत्रे. हेन्री स्ट्रीटवरील त्या वर्गानंतर ती यायला पाऊण शतक लागले.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विशेष वर्ग ही वाट म्हणून सुरू झाले, पण अनेक ठिकाणी त्यांचे कोंडवाडे झाले. गरीब आणि स्थलांतरित घरांतील मुले त्यांत अधिक ढकलली गेली, आणि परतीची वाट कागदावरच राहिली. सदिच्छेने उभी केलेली व्यवस्थासुद्धा सतत तपासावी लागते, हा यातून मिळणारा धडा आहे.

आपल्यासाठी बोध

आपल्या देशात आज कायद्याची कमतरता नाही. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांनाही त्यात स्थान मिळाले. कायद्याने निश्चित केलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषद आहे. तरीही कायदा वर्गात स्वतःहून चालत येत नाही. त्याला कोणी तरी हात धरून आणावे लागते.

निवासी विद्यालयात ही जबाबदारी अधिक मोठी असते. घरापासून दूर असलेल्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा अक्षरे उलटी वाटतात, हे सांगायला जवळ आई नसते. ते ओळखण्याचे काम शिक्षकाचे आणि वसतिगृहाच्या अधीक्षकाचे. म्हणून आमची विनंती आहे, की ‘ढ’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्या मुलाची दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे. पालकांनी प्रमाणपत्राची लाज बाळगू नये. ते कपाळावरचा शिक्का म्हणून न पाहता हक्काचा कागद म्हणून पाहावे, आणि तो मिळाल्यावर ‘आता शिकविणार काय?’ हा प्रश्न शाळेला अवश्य विचारावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, शिक्षक, वकील वा शासकीय अधिकारी झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या शाळेतील अशा मुलांसाठी द्यावा. तपासणी शिबिर, प्रमाणपत्रासाठी साहाय्य, परीक्षेतील सवलतींची माहिती यांपैकी काहीही करता येईल.

फॅरेलबाईंच्या पहिल्या वर्गातील ती १९ मुले पुढे कोण झाली, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. त्यांच्यासाठी उघडलेले दार मात्र पुढे लक्षावधी मुलांच्या कामी आले. आपल्या हजेरीपटावरील मागे राहिलेल्या नावांपुढे येत्या वर्षी काय लिहिले जाणार, हे आता आपल्यावर अवलंबून आहे.