लोखंडाचा शत्रू

मुलांनो, पावसाळ्यात फाटकाच्या कडीवर चढलेला तांबूस थर तुम्ही पाहिला असेल. उर्दूत त्याला 'जंग' म्हणतात, मराठीत 'गंज'. हा गंज कसा चढतो, ते एका सोप्या प्रयोगातून पाहा.

चार स्वच्छ लोखंडी खिळे व चार बाटल्या घ्या. पहिल्या बाटलीत कोरडा खिळा ठेवून बूच घट्ट लावा. दुसरीत खिळा पूर्ण बुडेल इतके उकळून थंड केलेले पाणी घाला व वर तेलाचा थर द्या. तिसरीत साधे पाणी आणि चौथीत मिठाचे पाणी, अर्धा खिळा बुडेल इतके ओता. आठवड्याने पाहा. पहिले दोन खिळे जवळजवळ जसेच्या तसे असतील. तिसरा गंजलेला दिसेल आणि चौथा बहुधा त्याहूनही अधिक.

असे का झाले? लोखंड गंजण्यासाठी पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात. पहिल्या बाटलीत पाणी नव्हते. दुसरीत प्राणवायू फारच थोडा होता. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून गंजण्याची क्रिया वेगाने होते. खारे वारे सोसणाऱ्या कोकणातील खिडक्यांचे गज सोलापुरातील गजांपेक्षा लवकर गंजतात, ते यामुळेच.

दिल्लीला कुतुबमिनारजवळ सुमारे सात मीटर उंचीचा लोहस्तंभ आहे. सुमारे सोळाशे वर्षे होऊनही तो फारसा गंजलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे त्यावर पातळ, घट्ट थर तयार झाला आहे. दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही त्याच्या उपयोगी पडली.

याउलट तामिळनाडूतील पांबनचा रेल्वेपूल पाहा. १९१४ साली सुरू झालेला हा पूल समुद्रात उभा होता. वारंवार रंग देऊन व दुरुस्ती करूनही खारी हवा त्याचे लोखंड खातच राहिली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या बंद झाल्या. एप्रिल २०२५ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला.

मुलांनो, गंज वरून थोडा दिसतो, पण आत लोखंड पोखरतो. गच्चीचा कठडा किंवा जिन्याची सळई गंजलेली दिसली, तर तिला टेकू नका. घरातील मोठ्यांना सांगा. गंज वेळीच घासून काढला व रंग लावला, तर लोखंड टिकते आणि अपघातही टळतो.